जोड जुना करून पाहताना

दाताची कीड कोरून काढली, पोकळीत दाताच्याच रंगाचे कंपोझिट, म्हणजे पेशंटच्या भाषेत सिमेंट, भरले, निळ्या दिव्याने ते कडक केले, की खुर्चीतून उठता उठता पेशंट विचारतो, "किती वर्षं टिकेल, डॉक्टर?" जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत हा प्रश्न रोज कानावर पडतो. विचारणारा पुष्कळदा रावेर-यावलच्या केळीच्या बागेतून किंवा साक्री-शिंदखेड्याच्या शेतातून एसटीने आलेला असतो. त्याने आजचा रोज बुडवलेला असतो. भरलेले सिमेंट दोन वर्षांत निघाले तर त्याला पुन्हा रोज बुडवावा लागतो, पुन्हा तिकीट काढावे लागते, आणि मधल्या काळात आत शिरलेली कीड रूट कॅनलपर्यंत गेलेली असते. म्हणून या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नये. त्या उत्तराला आधार कुठून मिळतो, तो किती भक्कम आहे आणि कुठे तोकडा पडतो, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

खरा आधार एकच. शेकडो तोंडांत सिमेंट भरावे आणि दहा वर्षे त्यांच्यावर नजर ठेवावी. असे अभ्यास होतात, व्हायलाही हवेत. पण सिमेंट दाताला धरून ठेवणारी बाँडिंगची द्रव्ये दर काही वर्षांनी बदलतात. दहा वर्षांचा निकाल हाती येईपर्यंत ती बाटली बाजारातून गेलेली असते आणि तिच्या जागी नवी, "सुधारित" बाटली आलेली असते. नव्या बाटलीबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरला आज निर्णय घ्यायचा असतो. म्हणून प्रयोगशाळेत काढलेल्या दातावर जोड तयार करायचा, तो मुद्दाम जुना करायचा आणि मग ओढून पाहायचा, ही वाट निघाली. दंतवैद्यकात तिला एजिंग म्हणतात.

जळगावकराला ही कल्पना परकी वाटू नये. जैन इरिगेशनमुळे ठिबक आणि प्लास्टिकचे पाइप यांसाठी या शहराचे नाव देशभर झाले. पॉलिथिलीनचा पाइप ५० वर्षे टिकेल असे धरून जमिनीत पुरतात, पण ते सिद्ध करायला कोणी ५० वर्षे थांबत नाही. पाइपाचा तुकडा ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, आतून दाब देऊन १६५ तास किंवा १००० तास ठेवतात. तापमान वाढले की पदार्थ किती वेगाने थकतो याचे गणित माहीत असल्याने गरम पाण्यातल्या थोड्या काळावरून थंड जमिनीतल्या दशकांचा हिशेब मांडता येतो.

दाताच्या जोडाला हा हिशेब लागू पडत नाही, आणि या विषयातली सगळी अडचण तिथूनच सुरू होते. पाइप एकाच पदार्थाचा असतो. दातातल्या जोडात निर्जीव रेझिन आणि सजीव ऊतीचा सांगाडा एकमेकांत गुंतलेले असतात. त्याला ८० अंशांच्या पाण्यात टाकले तर जोडातले कोलॅजन शिजून जाईल. मग जे मोजू ते म्हातारपण नसेल, भाजणे असेल. शिवाय तोंडात जोड एकाच कारणाने थकत नाही. पाणी, लाळेतली आणि दातातलीच विकरे, गरम-थंडाचे झटके, चावण्याचा दाब, जिवाणूंचे आम्ल हे सगळे एकाच वेळी चालू असते. एवढ्या गोष्टींना एका सूत्रात बसवणारे गणित आजही कोणाकडे नाही.

मुळात जोड होतो कसा, ते आधी पाहू. १९५५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर इथे मायकेल ब्युओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून एनॅमल खरबरीत केले आणि त्यावर अॅक्रिलिक रेझिन धरून राहते हे दाखवले. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लाने त्यात सूक्ष्म खाचा पडतात, रेझिन त्यांत उतरते आणि कडक होते. हा जोड आजही सगळ्यांत भरवशाचा आहे. डेंटिनची गोष्ट वेगळी. त्याच्या आकारमानात निम्म्याच्या आसपास खनिज, उरलेले कोलॅजन आणि पाणी. आम्ल लावले की वरचे खनिज निघून जाते आणि काही मायक्रॉन खोलीचे कोलॅजनचे ओले जाळे उघडे पडते. या जाळ्यात रेझिन शिरून दोघांचा मिळून एक संकरित थर तयार होतो, हे टोकियोतल्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवले. आपण ज्याला बाँड लागला म्हणतो तो हा थर.

दोष याच थरात दडलेला असतो. आम्ल जितके खोल जाते तितके खोल रेझिन पोहोचत नाही. तळाशी कोलॅजनचे काही धागे उघडेच राहतात, त्यांच्याभोवती पाणी राहते. रेझिनसुद्धा पाणी शोषते, मऊ पडते, त्यातले एस्टरचे बंध पाण्याने हळूहळू तुटतात आणि विरघळलेले अंश बाहेर झिरपतात. मोकळ्या झालेल्या जागेत आणखी पाणी शिरते. पुष्कळ वर्षे समज असा होता की उघड्या कोलॅजनचा फडशा बाहेरून आलेले जिवाणू पाडतात. २००४ साली डेव्हिड पॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज मोडला. त्यांनी खनिज काढून टाकलेले डेंटिन जिवाणूंशिवाय कृत्रिम लाळेत ठेवले. २५० दिवसांत कोलॅजनचे जाळे जवळजवळ नाहीसे झाले. विकरांना रोखणारी द्रव्ये घातलेल्या नमुन्यांत आणि पाणीच नसलेल्या खनिज तेलात ठेवलेल्या नमुन्यांत ते टिकून राहिले. दाताच्या आतच झोपलेली विकरे होती, आम्लाने ती जागी झाली आणि पाण्याच्या साथीने त्यांनी आपलाच सांगाडा खाल्ला. डेंटिनवर क्लोरहेक्झिडिन लावून जोड वाचवण्याचे प्रयत्न याच शोधातून वाढले. त्याने काही महिने ऱ्हास लांबतो. पण ते कालांतराने धुऊन जात असल्याने त्याला कायमचा उपाय मानू नये.

तोंडात खरोखर काय होते याचा एक पुरावा मला या सगळ्या वाङ्मयात फार मोलाचा वाटतो. जपानमध्ये हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या दुधाच्या दातांत रेझिन भरले आणि ते दात आपोआप पडायच्या वेळेला परत मिळवले. म्हणजे प्रत्यक्ष तोंडात एक ते तीन वर्षे राहिलेला जोड त्यांना इजा न करता हाती आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत ताज्या जोडाची ताकद सुमारे २८ मेगापास्कल होती. एक ते दोन वर्षांनी ती १५ वर आली आणि दोन ते तीन वर्षांनी ९ वर. दात बाहेरून चांगला दिसत असताना आतला जोड दोन-तृतीयांश गेलेला होता. प्रयोगशाळेतली कोणतीही एजिंगची पद्धत खरी की खोटी हे ठरवताना ती अशा ऱ्हासाशी जुळते का, हे विचारायला हवे.

पद्धतींमध्ये सगळ्यांत साधी आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक पद्धत म्हणजे पाण्यात ठेवणे. जोडलेले दात ३७ अंशांच्या पाण्यात सहा महिने, वर्ष किंवा त्याहून जास्त ठेवायचे आणि मग ताकद मोजायची. इथे नमुन्याचा आकार फार महत्त्वाचा ठरतो. १९९४ साली जपानचे हिदेहिको सानो आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक चौरस मिलिमीटरचा छेद असलेले बारीक नमुने ओढून पाहण्याची मायक्रोटेन्साइल पद्धत आणली. तिचा एक फायदा असा की अशा काडीत पाण्याला चारी बाजूंनी फार थोडे अंतर कापावे लागते, त्यामुळे जोड लवकर जुना होतो. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या गटाने २००३ साली चार वर्षे पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांचा निकाल दिला. ज्या नमुन्यांत डेंटिनच्या जोडाभोवती एनॅमलची कड शाबूत होती त्यांत जोड टिकला. जिथे डेंटिन थेट पाण्याला लागले तिथे तो उतरला. दवाखान्यात पोकळी कोरताना एनॅमलची कड राखा असे शिक्षक का बजावतात, त्याचे उत्तर या एका प्रयोगात आहे. याच गटाने २००५ साली सगळ्या उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. त्यात असे दिसले की साधारण तीन महिन्यांनंतर सर्वच प्रकारच्या बाँडिंगमध्ये ऱ्हासाच्या खुणा उमटतात, आणि टिकाऊपणात आम्ल, प्रायमर, बाँड अशी तीन पायऱ्यांची जुनी पद्धतच पुढे राहते. कमी पायऱ्या, कमी वेळ, असे सांगून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांकडे पाहताना हे लक्षात ठेवावे. सगळ्याच सोप्या बाटल्या वाईट असतात असे मात्र नाही. दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करणारा १०-एमडीपी हा घटक असलेली सौम्य, स्वतःच आम्लाचे काम करणारी दोन पायऱ्यांची द्रव्ये टिकाऊपणात चांगली ठरली आहेत, कारण त्या बंधातून तयार होणारा क्षार पाण्यात फारसा विरघळत नाही.

पाण्याच्या पद्धतीतही हलगर्जी चालत नाही. पाणी आठवड्याला बदलले नाही तर त्यात जिवाणू वाढतात. शिवाय रेझिनमधून झिरपलेले अंश साचून पुढचे झिरपणे मंदावते आणि जोड खोटाच टिकाऊ दिसतो. शोधप्रबंधात पाणी किती वेळा बदलले हे एक वाक्य नसेल, तर पुढच्या पन्नास पानांतले आकडे कसे वाचावेत ते कळत नाही.

थर्मोसायकलिंगवर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत तेच जास्त दिसते. नमुने ५ अंशांच्या आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवायचे. गार पाणी आणि कढत चहा यांच्या मधले हे हेलकावे. रेझिन आणि दात उष्णतेने सारखे फुगत नाहीत, कंपोझिट दातापेक्षा कितीतरी जास्त फुगते, आणि त्या ओढाताणीत जोडावर ताण येतो. शिवाय गरम पाणी रेझिनमध्ये लवकर शिरते. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११४०५ यात ५०० फेऱ्या सांगते, प्रत्येक पाण्यात किमान २० सेकंद. पण ५०० फेऱ्या म्हणजे तोंडातला किती काळ? हाँगकाँगच्या गेल आणि डार्वेल यांनी १९९९ साली या प्रश्नाचा पाठपुरावा केला. दिवसाला २० ते ५० हेलकावे धरून १०,००० फेऱ्या म्हणजे साधारण एक वर्ष, असा तात्पुरता अंदाज त्यांनी मांडला. त्या हिशेबाने मानकातल्या ५०० फेऱ्या म्हणजे दहा ते पंचवीस दिवस. ज्या प्रबंधात ५०० फेऱ्या करून "दीर्घकालीन टिकाऊपणा" हा शब्द वापरला आहे, त्यातला तो शब्द खोडावा असे मला स्पष्टपणे वाटते. आणि १०,००० म्हणजे एक वर्ष हाही अंदाजच आहे. तो पुढच्या लेखकांनी इतक्या वेळा उद्धृत केला की त्याला नियमाचे रूप आले. पेशंटला सांगताना त्याला अंदाजच म्हणावे.

दहा हजार फेऱ्या करून पाहायच्या ठरवल्या तर प्रत्येक पाण्यात ३० सेकंद आणि दर फेरीत हलवायला एकूण दहा सेकंद धरून आठ दिवसांहून थोडा जास्त वेळ यंत्र अखंड चालावे लागते. खान्देशात हे मे महिन्यात करून पाहावे. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गार टाकी ५ अंशांवर धरून ठेवायला शीतयंत्राला जीव तोडून राबावे लागते, गरम टाकीतले पाणी सारखे आटते, आणि वीज गेली की दोन्ही टाक्या खोलीच्या तापमानाकडे सरकू लागतात. जनरेटर लागेपर्यंतच्या त्या फेऱ्या ५ आणि ५५ च्या नसतातच. टाकीत तापमापक ठेवून त्याची नोंद प्रबंधाला जोडणे हा यावरचा साधा उपाय आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही.

चावण्याचा दाब देणाऱ्या यंत्रात नमुन्यावर साधारण ५० न्यूटनचा ठोका पुन्हा पुन्हा देतात. बारा लाख ठोके म्हणजे पाच वर्षांचे चावणे असे धरण्याचा प्रघात आहे. दाब आणि तापमान एकत्र दिले तर तोंडाच्या जवळ जाता येते, पण हे यंत्र महाग असते. कळण्याची भाकरी, भाजलेले दाणे आणि दाढेखाली दिवसभर फुटणारी सुपारी यांचा दाब ५० न्यूटनमध्ये कितपत मावतो, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याने विचारण्यासारखा आहे. सोडियम हायपोक्लोराइटच्या १० टक्के द्रावणात तासभर ठेवण्याची आणखी एक झटपट पद्धत आहे. उघडे राहिलेले कोलॅजन ते विरघळवते आणि कुठे रेझिन पोहोचले नव्हते ते उघड करते. इशारा म्हणून ती उपयोगी आहे. तिच्यावरून वर्षे मोजू नयेत.

आता चोवीस तासांच्या आकड्याबद्दल. जोड करायचा, एक दिवस ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचा आणि ओढून पाहायचा. बहुतेक जाहिरातींतले मोठे मेगापास्कल इथून येतात. एक दिवसाच्या जोडात नव्या आणि जुन्या, चांगल्या आणि सुमार बाटल्यांमधला फरक फारसा दिसत नाही. तो दिसतो जुना केल्यावर. तरी असे प्रबंध होतात, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. धुळ्याच्या एसीपीएम दंत महाविद्यालयासह राज्यातली बहुतेक दंत महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि एमडीएसचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. विषय ठरवणे, नीतिमत्ता समितीची परवानगी, दात जमवणे, नमुने कापणे यांत पहिले वर्ष-दीड वर्ष सरते. मग वर्षभर पाण्यात ठेवायला उरते काय? पण यातून मार्ग आहे. नमुने पहिल्याच वर्षी करावेत, निम्मे चोवीस तासांनी मोजावेत आणि निम्मे पाण्यात ठेवून द्यावेत. एक विद्यार्थी बाहेर पडला तर पुढच्या विद्यार्थ्याने तेच नमुने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मोजावेत. महाविद्यालयात नमुने ओढून पाहणारे सार्वत्रिक परीक्षण यंत्र नसेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयात असते. अशी साखळी जमली तर धुळ्यातून तीन वर्षे पाण्यात ठेवलेल्या जोडाचे आकडे निघू शकतील, आणि त्यांना जगात कुठेही मान मिळेल.

दात जमवणे हा भागही दुर्लक्षू नये. अक्कलदाढा आणि तारा लावण्यासाठी काढलेल्या उपदाढा बऱ्याचदा टाकून दिल्या जातात किंवा फॉर्मलिनच्या बाटलीत पडून राहतात. फॉर्मलिनने कोलॅजन बदलते. कोरडा ठेवलेला दात तर जोडाच्या कामाचाच राहत नाही. क्लोरामाइन-टीच्या ०.५ टक्के द्रावणात जास्तीत जास्त एक आठवडा, नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात फ्रिजमध्ये, आणि काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापर, असा मानकाचा दंडक आहे. दात पेशंटचा आहे, तेव्हा संशोधनासाठी ठेवण्याआधी त्याची लेखी संमती घ्यावी.

एक गोष्ट मानकाच्या पानांत सापडत नाही, ती म्हणजे बाटलीचे स्वतःचे म्हातारपण. बाँडिंगच्या काही बाटल्या २ ते ८ अंशांत, काही २५ अंशांखाली ठेवायच्या असतात. एकाच बाटलीत आम्ल, पाणी आणि रेझिन असलेल्या द्रव्यात एस्टरचे बंध बाटलीतच तुटू लागतात आणि उष्णतेने ते काम वेगाने होते. अॅसिटोनवर आधारलेल्या द्रव्याचे झाकण मिनिटभर उघडे राहिले तरी द्रावक उडू लागतो. आपल्याकडे कुरियरची पेटी उन्हाळ्यात दुपारभर गाडीत तापते, मग दुकानात आणि नंतर दवाखान्याच्या कपाटात राहते. जोड करायच्या आधीच द्रव्य अर्धे थकलेले असू शकते. प्रयोगशाळेत ताज्या, थंड बाटलीवर केलेली एजिंग अशा वेळी दवाखान्यातल्या जोडाबद्दल फार काही सांगत नाही. बाटली ४० अंशांत महिनाभर ठेवून मग जोड करायचा आणि तो जुना करायचा, असा प्रयोग खान्देशात कोणी हाती घेतला तर तो इथल्या प्रत्येक दवाखान्याच्या उपयोगाचा ठरेल.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांचा प्रबंध चालू आहे त्यांनी पाण्याचे आणि थर्मोसायकलिंगचे प्रकरण आधी वाचावे. ज्यांचा दवाखाना आहे त्यांनी जोड कुठून तुटला हे ओळखण्याचे प्रकरण सोडू नये. सूक्ष्मदर्शक नसला तरी निघालेल्या सिमेंटच्या पाठीवर आणि पोकळीच्या तळाशी पाहून पुष्कळ कळते.

पारोळा, अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा इथल्या दंतवैद्यांना माझी एक विनंती आहे. दवाखान्यात एक वही ठेवा. सिमेंट भरले तो दिवस, बाटलीचे नाव आणि तिच्यावरची मुदत, पोकळीची कड एनॅमलवर होती की डेंटिनवर, आणि पुढे कधी निघाले तर तो दिवस, एवढेच लिहा. पेशंटचे नाव न लिहिता या नोंदी धुळ्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना द्या. टाकीतल्या फेऱ्या इथल्या तोंडांतल्या किती वर्षांच्या बरोबर आहेत, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.